फिरत्या घराची दुसरी बॅटरी

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, त्यामागचा विचार असा होता की राज्यातील अनेक पाहण्याजोग्या स्थळी मुक्कामाची पुरेशी सोय नाही आणि पक्के बांधकाम करणे तेथे परवडत नाही किंवा परवानगीअभावी शक्यही होत नाही; अशा ठिकाणी झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली गाडीच नेता आली, तर पर्यटन वाढेल आणि जमिनीवर कायमचा भारही पडणार नाही. बुलढाणा जिल्ह्याला हा विचार चांगलाच लागू पडतो. उल्कापाताने तयार झालेले आणि २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत गेलेले लोणारचे सरोवर, जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेड राजा, बुलढाणा आणि खामगाव यांच्यामधील ज्ञानगंगा अभयारण्य आणि बारमाही गर्दीचे शेगाव ही सारी एका जिल्ह्यात आहेत, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाल्यापासून मेहकर व सिंदखेड राजा येथे उतरणे पूर्वीपेक्षा फार सोपे झाले आहे. मात्र सरोवराच्या काठाजवळ किंवा अभयारण्याच्या सीमेवर गाडी उभी राहिल्यावर इंजिन अथवा जनरेटर रात्रभर चालू ठेवणे शोभणारे नसते, आणि मग त्या फिरत्या घरातील दिवे, पंखे, पाण्याचा पंप आणि फ्रिज हे सर्व एका बॅटरीवर येऊन पडते. ही बॅटरी गाडी सुरू करणारी बॅटरी नव्हे, तर तिच्याखेरीज बसवलेली दुसरी. आणि ती बदलण्याची वेळ आली की बहुतेक मालक पहिलीसाठी लागणारे निकष दुसरीला लावतात, तेथेच चूक होते.

दोन्ही बॅटऱ्यांचे मूळ एकच आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी तयार केली आणि १८८१ मध्ये कामी फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन तिची क्षमता वाढवली. आजची शिसे-आम्ल बॅटरी त्याच तत्त्वावर चालते. अशा प्रत्येक सेलचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो आणि सहा सेल एकामागे एक जोडले की १२ व्होल्टची बॅटरी होते. फरक आहे तो प्लेटांत. इंजिन फिरवण्यासाठी क्षणभर शेकडो अँपिअरचा प्रवाह लागतो, म्हणून गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेटा घालून आम्लाला भिडणारे पृष्ठफळ वाढवलेले असते. ती प्रत्येक वेळी जेमतेम काही टक्के रिकामी होते आणि अल्टरनेटर तिला लगेच भरून काढतो. दिवे-पंखे चालवणाऱ्या बॅटरीला याउलट थोडा प्रवाह पण रात्रभर द्यावा लागतो आणि ती निम्मी किंवा त्याहूनही अधिक रिकामी होते, म्हणून तिच्या प्लेटा जाड आणि त्यांवरील लेप घट्ट असावा लागतो. ट्रक-ट्रॅक्टरची बॅटरी या कामाला जुंपली तर पातळ प्लेटांवरील लेप सुटून तळाशी गाळ साचतो आणि काही महिन्यांत ती बसते.

नवी बॅटरी घेण्यापूर्वी जुनी खरोखरच संपली आहे की नाही हे तपासणे आवश्यक असते, कारण ज्या कारणाने ती मेली ते कारण जागेवरच राहिले तर नवीही त्याच वाटेने जाते. चार्जर आणि सर्व उपकरणे काढून बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यानंतर मल्टिमीटरवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास दिसले तर निम्मी आणि ११.९ च्या खाली दिसले तर जवळजवळ रिकामी समजावी. परंतु व्होल्टेज केवळ ती किती भरली आहे एवढेच सांगते, तिच्यात मुळात किती मावते हे सांगत नाही; झिजलेली बॅटरीही तासाभरात ‘फुल’ दाखवते आणि रात्री दहाला पंखा बंद पाडते. त्यासाठी ज्ञात भार लावून पाहावा लागतो. गाडीच्या हेडलाइटचा साधारण ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ५ अँपिअर घेतो, म्हणून १०० अँपिअर-तासांच्या निरोगी बॅटरीवर तो दहा तास चालवला तर ती जवळपास निम्मी रिकामी व्हायला हवी. तीन-चार तासांतच दाब ११.५ च्या खाली गेला तर बॅटरी बदलण्याशिवाय मार्ग नाही. पाणी टाकता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आम्लाचे विशिष्ट गुरुत्व, पाहता येते. पाच सेल सारखे आणि एकच फार खाली असेल तर तो सेल मेला आहे. सगळेच सेल सारखे खाली असतील तर मात्र दोष बहुधा बॅटरीचा नसून चार्जिंगचा असतो.

अपुऱ्या चार्जिंगने बॅटरी कशी मरते हे समजले की पुढचे बरेचसे निर्णय सोपे होतात. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेटचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि चार्ज करताना ते पुन्हा विरघळतात. पण बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिली तर हे स्फटिक मोठे व कठीण होतात, नंतर कितीही चार्ज केले तरी मोडत नाहीत आणि प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो. यालाच सल्फेशन म्हणतात. विदर्भात घरोघरी भारनियमनाच्या काळापासून असलेल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांनाही हाच रोग होतो, आणि कॅराव्हॅनमध्ये तो अधिक लवकर होतो, कारण तेथे पूर्ण चार्जिंगची संधीच क्वचित मिळते.

कोणती बॅटरी घ्यावी यापेक्षा किती मोठी घ्यावी हा प्रश्न आधीचा आहे आणि त्याचे उत्तर दुकानात नव्हे, गाडीतच सापडते. ५ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास चालले तर १०० वॅट-तास लागतात; १२ व्होल्टवर चालणारे २५ वॅटचे दोन पंखे दहा तास चालले तर ५००; सुमारे ४५ वॅटचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसभरात मिळून बारा तास प्रत्यक्ष चालला तर ५४०; आणि मोबाइल व पाण्याच्या पंपासाठी ६० धरले तर एकूण खर्च १,२०० वॅट-तास होतो, ज्याला १२ ने भागले की १०० अँपिअर-तास येतात. शिसे-आम्ल बॅटरी रोज निम्म्याहून अधिक रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून या गाडीला शिशाची २०० अँपिअर-तासांची बॅटरी लागेल. हा हिशेब दिवे-पंख्यांपुरताच खरा आहे. एका टनाचे वातानुकूलन यंत्र कॉम्प्रेसर चालू असताना साधारण एक हजार वॅट ओढते आणि वैशाखातल्या रात्री ते क्वचितच थांबते. ते बॅटरीवर चालवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा अशा मुक्कामासाठी वीजजोडणी असलेले कॅराव्हॅन पार्क शोधणे शहाणपणाचे ठरते. आषाढी वारीसाठी शेगावहून पंढरपूरला पायी निघणाऱ्या दिंडीबरोबरच्या सामानाच्या गाडीचे गणित याहून हलके असते, कारण तेथे गरज मुख्यतः दिव्यांची आणि मोबाइल चार्जिंगची असते; पण प्रवास महिनाभराचा असल्याने पूर्ण चार्जिंगचा प्रश्न तेथेही सुटत नाही.

बॅटरीवर छापलेला अँपिअर-तासांचा आकडा वाचतानाही सावध राहावे लागते. १५० अँपिअर-तास, सी-२० असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ ती बॅटरी ७.५ अँपिअर प्रवाह वीस तास देईल असा होतो, ३० अँपिअर पाच तास देईल असा नव्हे. प्रवाह वाढला की शिशाच्या बॅटरीतून मिळणारी एकूण वीज कमी होते. सौरऊर्जेसाठी विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांवर बहुधा सी-१०, म्हणजे दहा तासांत रिकामी होण्याच्या गतीवर मोजलेला आकडा असतो, त्यामुळे दोन बॅटऱ्यांवर १५० हाच आकडा असला तरी सी-१० वाली प्रत्यक्षात मोठी असते. त्याचबरोबर उत्पादनाचा महिना व वर्ष पाहणे आवश्यक आहे. उन्हाळाभर दुकानाच्या पत्र्याच्या गोदामात न भरता पडून राहिलेली बॅटरी नवी असूनही आतून सल्फेट झालेली असू शकते.

प्रकारांमध्ये विदर्भातील वाचकाला सर्वांत परिचित आहे ती उंच डब्याची ट्युब्युलर बॅटरी, जिच्यात धन प्लेटेवरील लेप नळ्यांमध्ये बंदिस्त केलेला असल्याने तो झडत नाही. घरातील इन्व्हर्टरसाठी तिच्याइतकी टिकाऊ आणि परवडणारी वस्तू दुसरी नाही, पण चालत्या गाडीसाठी ती योग्य नाही. तिचे वजन १५० अँपिअर-तासांना ५० किलोच्या पुढे जाते, ती उंच असल्याने आसनाखाली मावत नाही, वळणावर आणि खड्ड्यांत आम्ल सांडते आणि चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, जो हवेत चार टक्क्यांवर गेला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. झोपण्याच्या जागेत असा वायू सोडणारी वस्तू ठेवणे हा निष्काळजीपणाच होय. ज्यांच्याकडे ती आधीच आहे किंवा ज्यांना घरासाठी घ्यायची आहे, त्यांनी एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांतून जो खारपाण पट्टा जातो, तेथील भूजलात क्षारांचे, विशेषतः क्लोराइडांचे, प्रमाण जास्त असते आणि असे पाणी बॅटरीत गेले तर धन प्लेटा कुरतडल्या जातात. म्हणून तेथे केवळ डिस्टिल्ड वॉटरच टाकावे आणि घरच्या आरओ यंत्राच्या पाण्यावरही भिस्त ठेवू नये.

गाडीसाठी शिशाचीच बॅटरी घ्यायची असेल तर सीलबंद प्रकार घ्यावा. त्यांपैकी एजीएम बॅटरीत काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेले असते आणि जेल बॅटरीत सिलिका मिसळून ते घट्ट केलेले असते. दोन्ही सांडत नाहीत आणि नेहमीच्या चार्जिंगमध्ये वायू जवळजवळ सोडत नाहीत. बाजारात यूपीएससाठी विकली जाणारी ‘एसएमएफ’ बॅटरीही बहुधा एजीएमच असते, परंतु ती वर्षातून काही वेळाच वीज जाण्याची वाट पाहत भरलेली राहण्यासाठी घडवलेली असते, रोज निम्मी रिकामी होण्यासाठी नव्हे. स्वस्त मिळते म्हणून ती घेणे महाग पडते.

चौथा पर्याय लिथियम आयर्न फॉस्फेटचा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने हे संयुग बॅटरीसाठी पुढे आणले. मोबाइलमध्ये वापरल्या जाणाऱ्या इतर लिथियम प्रकारांप्रमाणे ते उष्णतेने सहजी पेटत नाही, म्हणून घरासाठी आणि राहत्या गाडीसाठी तेच निवडले जाते. या बॅटरीचा सरासरी दाब १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांना वजन साधारण बारा किलो आणि क्षमतेच्या ८० ते ९० टक्के वीज रोज वापरण्याची मुभा असते, त्यामुळे वर मांडलेल्या हिशेबात २०० अँपिअर-तासांच्या शिशाऐवजी १२० ते १५० अँपिअर-तासांचे लिथियम पुरते. सुरुवातीची किंमत बरीच अधिक असते, पण आयुष्य भरण्या-रिकामे होण्याच्या काहीशे आवर्तनांऐवजी दोन हजारांहून अधिक आवर्तनांचे असते. तिच्यातील बीएमएस नावाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक दाब, प्रवाह किंवा तापमान मर्यादेबाहेर गेले की बॅटरीची जोडणी तोडते. हे नियंत्रक नसलेली, सुटे सेल जोडून बनवलेली बॅटरी कोणत्याही किमतीला घेऊ नये. जी गाडी वर्षातून दोनदा चार दिवसांसाठी निघते, तिला चांगली एजीएम पुरेशी आहे. भाड्याने देण्यासाठी जी सतत रस्त्यावर राहणार, तिला लिथियमच स्वस्त पडते.

या निवडीवर बुलढाणा जिल्ह्याच्या भूगोलाची गडद छाया आहे. वऱ्हाडाच्या जुन्या विभागणीतील बालाघाट, म्हणजे घाटावरचा प्रदेश, आणि पायनघाट, म्हणजे घाटाखालचा, येथे एकाच जिल्ह्यात भेटतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा शहर आणि घाटावरचे चिखली, मेहकर, लोणार हे तालुके उन्हाळ्यातही त्यामानाने सुसह्य असतात, तर राजूर घाट किंवा बोथा घाट उतरून मलकापूर, नांदुरा, खामगावकडे गेले की वैशाखात पारा ४० च्या बराच पुढे जातो. शिसे-आम्ल बॅटरीचे छापील आयुष्य २५ ते २७ अंशांसाठी गृहीत धरलेले असते आणि त्याहून दर दहा अंशांनी तापमान वाढले की आतील गंज व पाण्याचे बाष्पीभवन यांमुळे ते साधारण निम्म्यावर येते. बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीच्या आत तापमान पन्नाशी ओलांडते, म्हणजे घाटाखाली उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि घाटावर झाडाखाली उभी राहणारी गाडी यांत एकच बॅटरी सारखी टिकण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. लिथियम उष्णता अधिक सोसते, तरी बहुतेक उत्पादक ४५ अंशांवर चार्जिंग थांबवायला सांगतात आणि बीएमएस ते थांबवतेही. ‘बॅटरी खराब आहे, दुपारी चार्ज होत नाही’ अशी तक्रार मे महिन्यात आली तर दोष बॅटरीचा नसून तिच्या कोंदट कप्प्याचा असतो. कप्प्याला हवा खेळण्यासाठी जाळी ठेवणे आणि तो इंजिनापासून व दक्षिण-पश्चिमेच्या उन्हापासून दूर असणे, एवढ्या बिनखर्ची गोष्टींनी जे साधते ते महागड्या ब्रँडने साधत नाही.

चार्जिंगचे शास्त्र तीन टप्प्यांचे आहे. पहिल्या टप्प्यात चार्जर ठरावीक प्रवाह देत राहतो. शिशासाठी हा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवतात, म्हणजे २०० अँपिअर-तासांना २० अँपिअर. दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढला की दुसरा टप्पा सुरू होतो, ज्यात दाब तोच राहतो आणि बॅटरी हळूहळू कमी प्रवाह घेत जाते. शेवटचे पंधरा-वीस टक्के याच टप्प्यात भरतात आणि त्याला कित्येक तास लागतात. तिसऱ्या टप्प्यात १३.५ ते १३.८ व्होल्टवर ती केवळ भरलेली राखली जाते. हे सर्व आकडे २५ अंशांचे आहेत आणि त्यावरील प्रत्येक अंशामागे १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी सुमारे १८ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात, म्हणून ४० अंशांना १४.४ ऐवजी १४.१ व्होल्टच योग्य ठरतात. ही घट आपोआप करणारा, बॅटरीला चिकटवायचा तापमान संवेदक असलेला चार्जर घाटाखाली घेणे म्हणजे चैन नव्हे. लिथियमला १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात, दुसरा टप्पा फारच थोडका असतो आणि शिशासाठी केलेली ‘इक्वलायझेशन’ किंवा ‘डिसल्फेशन’ची सोय बंद ठेवावी लागते; म्हणून जुना चार्जर तसाच ठेवून फक्त बॅटरी बदलणाऱ्यांचे येथे नुकसान होते.

प्रवासात वीज अल्टरनेटरकडून मिळते, पण बीएस-६ मानकाच्या अनेक गाड्यांत इंजिनाची बॅटरी भरली की इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर आपला दाब खाली आणतो आणि साध्या रिलेने जोडलेली दुसरी बॅटरी उपाशी राहते. यावर उपाय डीसी-टू-डीसी चार्जरचा, जो मिळेल त्या दाबातून बॅटरीला हवा तो दाब तयार करतो आणि लिथियम अल्टरनेटरला अतिभार देणार नाही एवढा प्रवाहही आवरतो. त्याची वायर जाड हवी. ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीतून ३० अँपिअर पाच मीटर नेले तर जाऊन-येऊन पाऊण व्होल्टहून अधिक दाब वाटेतच हरवतो. १६ चौरस मिलिमीटरमध्ये तोच तोटा एक तृतीयांश व्होल्टवर येतो. आता नागपूरहून समृद्धीने मेहकरपर्यंत गाडी तीनेक तास चालली असे धरले, तर २० अँपिअर घेणारी शिशाची बॅटरी ६० अँपिअर-तास परत मिळवते आणि लोणारला अपुरी भरूनच पोचते, तर ३० अँपिअर घेणारी लिथियम ९० मिळवून जवळपास भरते, आणि अपुरी राहिली तरी तिला सल्फेशनचे भय नसते. शिशाची बॅटरी असणाऱ्याने म्हणून छतावर सौर पॅनेल बसवावेच. दिवसाकाठी पाच तासांचे पूर्ण ऊन आणि तीस टक्के घट धरली तर १,२०० वॅट-तासांसाठी साधारण ३५० वॅटचे पॅनेल लागते, आणि एमपीपीटी प्रकारच्या नियंत्रकातून सूर्य संध्याकाळपर्यंत तो दुसरा, संथ टप्पा पूर्ण करून देतो. श्रावणात ढगाळ आठवड्यात मात्र या हिशेबावर विसंबता येत नाही. तेव्हा दर काही दिवसांनी २३० व्होल्टच्या जोडणीवर रात्रभर चार्ज करणे भाग आहे.

गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरावी, कारण ती आपोआपही महिन्याला तीन ते पाच टक्के रिकामी होते आणि उन्हाळ्यात हा वेग दुपटीहून अधिक होतो. लिथियम याउलट निम्मी भरून, सर्व जोडण्या सोडवून ठेवणे चांगले. नवी-जुनी किंवा दोन प्रकारच्या बॅटऱ्या समांतर जोडू नयेत, कारण दुबळी सशक्त बॅटरीला सतत खाली ओढते. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडवावे आणि बसवताना ते शेवटी जोडावे. धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज असलाच पाहिजे, कारण शॉर्ट सर्किट झाल्यास बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि वायर पेटते. मूळ गाडीत असे बदल करताना नोंदणीतील तपशील बदलत असतील, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आधी परिवहन कार्यालयाची मान्यता घ्यावी लागते, हेही विसरून चालत नाही.

उरते ती जुनी बॅटरी. शिसे-आम्ल बॅटरीच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग शिसे आणि त्याची संयुगे यांचा असतो, तो जवळजवळ सगळा परत वापरता येतो आणि म्हणूनच भंगारातही तिला चांगला भाव मिळतो. पण रस्त्याकडेला फोडून आम्ल नालीत ओतणाऱ्याच्या हाती ती गेली तर तेच शिसे मातीत आणि विहिरीत उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला कायमची इजा करते. २२ ऑगस्ट २०२२ रोजी काढलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी २००१ चे जुने नियम बाजूला सारून शिशासह लिथियमच्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा नवी बॅटरी घेताना जुनी त्याच अधिकृत विक्रेत्याकडे द्यावी, तिची किंमत बिलात वजा करून घ्यावी आणि वॉरंटीच्या कार्डावर विक्रीची तारीख व शिक्का दुकानातून निघण्यापूर्वीच तपासून घ्यावा.